ऑटोस्केडिअ‍ॅझम: नेमका अर्थ काय, आणि मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडा
एका ग्रीक काव्यावरची इंग्रजी टीका मराठीत आणायचं काम सुरू आहे. त्यात 'ऑटोस्केडिअ‍ॅझम' हा शब्द आडवा आला. कोशात अर्थ मिळतो: पूर्वतयारीशिवाय, ऐनवेळी केलेली गोष्ट. म्हणजे इम्प्रोव्हायझेशनचाच कुणी थोरला चुलता असावा. पण वाक्यात तो अर्थ बसत नाही. वाक्याचा आशय असा: 'या ओळीवरची प्राचीन टीप निव्वळ ऑटोस्केडिअ‍ॅझम आहे, तिला पुरावा म्हणून किंमत नाही.' टीप लिहिणाऱ्याला ती उत्स्फूर्तपणे सुचली म्हणून ती बाद कशी होते?

प्रश्न तीन. उच्चार काय? त्या वाक्यातला अर्थ काय? मराठी शब्द कोणता? 'उत्स्फूर्त' फारच कौतुकाचा वाटतो, आणि 'जुगाड' टीकाग्रंथात घातला तर संपादक मला घरी पाठवतील.

टवाळ
उच्चाराची चिंता नको. तुम्ही जो कराल तो ऐनवेळी सुचलेलाच असणार, म्हणजे व्याख्येनुसार बरोबर.

सोनचाफा
'शेड्यूल'सारखा 'ऑटोशेडि...' नाही का होणार? स्पेलिंग तर तसंच दिसतंय.

यवनिका
नाही. 'शेड्यूल' वेगळ्या घरातलं, ते कागदाच्या चिटोऱ्याला असलेल्या लॅटिन शब्दावरून आलं. आपला शब्द थेट ग्रीक आहे, म्हणून 'स्क'. ऑटो-स्के-डि-अ‍ॅझम, आघात 'स्के'वर. क्रियापद ऑटोस्केडिएझ, विशेषण ऑटोस्केडिअ‍ॅस्टिक. रोजच्या इंग्रजीत तिन्ही जवळपास नाहीतच.

आता अर्थ. 'ऑटोस' म्हणजे स्वतः, आणि 'स्खेडिओस' म्हणजे जवळचा, हाताशी असलेला, त्यावरून अचानकचा. होमरमध्ये या घराण्यातला शब्द येतो तो चक्क लढाईत: भाला फेकण्याइतकंही अंतर न ठेवता अंगाला अंग भिडवून केलेली झुंज. पुढे इसवीसनापूर्वीच्या पाचव्या-चौथ्या शतकात अथेन्समध्ये तोच शब्द बोलण्याला आणि वागण्याला लागला. आणि गंमत म्हणजे तेव्हापासूनच त्याला दोन तोंडं आहेत.

इतिहासकार थुसिडिडीस अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लीस याचं वर्णन करताना म्हणतो की प्रसंगाला जे हवं ते तिथल्या तिथे करण्यात तो सर्वांत निपुण होता. तिथे हेच क्रियापद आहे, आणि ती निखळ स्तुती आहे. प्लेटोच्या 'अपॉलॉजी'त सॉक्रेटिस एका काल्पनिक श्रोत्याला बोलायला लावतो: 'तू काय करतोस ते सांग, म्हणजे तुझ्याबद्दल आम्ही उगाच काहीतरी ठरवून मोकळे होणार नाही.' तिथेही हेच क्रियापद, पण अर्थ 'माहिती नसताना ठोकून देणं'. शहर एक, काळ साधारण एक, शब्द एक. एकीकडे समयसूचकता, दुसरीकडे थापेबाजी.

शब्दवेडा, तुमच्या वाक्यात दुसरं तोंड आहे, आणि तेही पारिभाषिक झालेलं. ग्रीक-लॅटिन संहितांवर काम करणारे लोक हा शब्द एका ठरावीक दोषासाठी वापरतात: टीकाकाराकडे, म्हणजे ओळींवर टीपा लिहिणाऱ्याकडे, स्वतंत्र माहिती काहीच नसते, पण ओळ समजावून तर सांगायची असते. मग तो त्या ओळीतूनच एक 'माहिती' तयार करतो आणि ती बाहेरून मिळाल्यासारखी लिहितो.

शब्दवेडा
उदाहरण मिळेल का? शक्यतो ग्रीक न येणाऱ्यालाही पटेल असं.

यवनिका
ग्रीकमधलं नेहमीचं उदाहरण होमरच्या आंधळेपणाचं. 'ओडिसी'त डेमोडोकस नावाचा आंधळा गायक आहे. होमरच्या नावावर असलेल्या अपोलोच्या स्तोत्रात गाणारा स्वतःला खिऑस बेटावरचा आंधळा म्हणवतो. या दोहोंतून कवीचं चरित्र तयार झालं. काव्यातली पात्रं उचलून कवीच्या घरात नेऊन बसवली.

आपल्याकडचं उदाहरण कालिदासाचं, सगळ्यांना माहीत असलेलं. विद्वान बायको विचारते, 'अस्ति कश्चित् वाग्विशेषः?' आणि तो त्या एकेका शब्दानं सुरू होणारी काव्यं रचतो: 'अस्ति'नं कुमारसंभव, 'कश्चित्'नं मेघदूत, 'वाक्'नं रघुवंश. या काव्यांचे पहिले शब्द खरोखर तेच आहेत. गोष्ट त्या तीन शब्दांमधून उलट दिशेनं बांधलेली आहे. काव्यं आधी, प्रश्न मागून. नावात 'काली' आणि 'दास' आहे म्हणून कालीच्या वरदानाची कथा, हाही त्यातलाच प्रकार.

ओळखायचं कसं? टीप वाचा आणि तिच्यातून मूळ ओळीत आधीच असलेलं सगळं वजा करा. बाकी शून्य उरली, किंवा नुसतं एखादं नाव उरलं, तर संशय घ्या. 'कवी इथे एका कृतघ्न मित्राला उद्देशून बोलतो' अशी ओळ, आणि टीप म्हणते 'फिलॉन नावाचा त्याचा मित्र होता, तो कृतघ्न निघाला.' (फिलॉन मी आत्ता ठोकला आहे.) वजाबाकी केली की हातात फक्त 'फिलॉन' राहतो. दुसरी खूण: त्याच ओळीवर दोन टीपा असतात आणि दोन्हींत नावं वेगळी. तिसरी: टीपेतली माहिती दुसऱ्या कुठल्याही ओळीवर एकदाही कामी येत नाही.

यात चूक होते ती उलट बाजूनं. नवशिका अभ्यासक प्रत्येक गैरसोयीची टीप ऑटोस्केडिअ‍ॅझम म्हणून फेटाळतो. टीप ओळीशी जुळते म्हणजे ती ओळीतूनच काढलेली आहे, असं आपोआप ठरत नाही. खरी माहितीही ओळीशी जुळतेच की.

खडूस_आजोबा
एवढा घोळ घालण्यापेक्षा मराठीत सरळ शब्द आहे: पदरचं. 'टीकाकारानं पदरचं घातलंय.' पाच वर्षांच्या पोरालाही कळेल.

सोनचाफा
पण पदरचं म्हणजे स्वतःचे पैसेही ना? 'पदरचे दहा रुपये घातले' यात दोष कुठे आहे, उलट औदार्य आहे.

खडूस_आजोबा
पैशाच्या बाबतीत औदार्य, माहितीच्या बाबतीत लबाडी. संदर्भानं कळतं. सगळं शब्दानंच सांगायचं तर वाक्यं कशाला लिहायची?

रानवारा
माझं मत वेगळं. हा सगळा प्रकार म्हणजे इंग्रजीत म्हणतात ते ज्युरी-रिगिंग. तारेनं बांधलं, चिकटपट्टी लावली, चालू झालं. टीकाकारानंही अर्थाला चिकटपट्टी लावली.

तांडेल
रानवारा, थांबा. ज्युरी-रिग हा शिव्या द्यायचा शब्द नाही. तो जहाजावरचा शब्द आहे आणि त्यामागे फार नीट केलेलं काम असतं. 'ज्युरी-मास्ट' म्हणजे मूळ डोलकाठी मोडल्यावर उभी केलेली तात्पुरती डोलकाठी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो इंग्रजीत लिहिलेला सापडतो. न्यायालयातल्या ज्युरीशी त्याचा संबंध नाही.

काम कसं होतं ते सांगतो, म्हणजे चिकटपट्टी मनातून जाईल. आताच्या शिडाच्या नौकेचं धरून चाला.

डोलकाठी मोडली की ती समुद्रात पडते, पण तारांनी नौकेला बांधलेलीच असते. प्रत्येक लाटेबरोबर तिचं मोडकं टोक बाजूवर ठोके देतं आणि भोक पाडू शकतं. म्हणून पहिलं काम उभारण्याचं नाही, सोडवण्याचं. तारांच्या टोकाच्या खिळी काढायच्या, निघत नसतील तर मोठ्या कात्रीनं तारा तोडायच्या. पण सगळंच समुद्राला द्यायचं नाही. बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, जमेल तितके दोर, जमेल तेवढं शीड वाचवायचं. पुढचा सगळा संसार त्यावरच आहे.

इथली ठरलेली चूक: घाबरून लगेच इंजिन सुरू करणं. पाण्यात दोर लोंबत असतात, ते पंख्यात गुरफटतात, आणि डोलकाठीबरोबर इंजिनही जातं. आधी चारही बाजूंनी पाहून सगळे दोर वर ओढायचे, मग किल्ली.

दुसरी गोष्ट, पुस्तक न वाचलेल्याला खोटी वाटेल अशी. डोलकाठी गेल्यावर वजन कमी होऊन नौका शांत व्हायला हवी असं वाटतं. होतं उलट. उंचावरच्या त्या वजनामुळे नौकेचं डोलणं संथ असतं. ते गेलं की ती झटक्याझटक्यानं डोलू लागते, उभं राहणं मुश्किल होतं आणि उलटण्याचा धोका वाढतो. म्हणजे तात्पुरती डोलकाठी नुसती पुढे जाण्यासाठी नाही, डोलणं आवरण्यासाठीही हवी.

आता उभारणी. बूम किंवा तसलाच लांब बांबू घ्यायचा. तो आडवा असतानाच वरच्या टोकाला सगळे दोर बांधून घ्यायचे: एक पुढे, एक मागे, दोन-दोन बाजूंना. उभा केल्यावर वर चढून बांधू म्हणणाऱ्याला वर चढायला काहीच नसतं. या टोकासाठी एक खास गाठ आहे, ज्युरी-मास्ट गाठ: मधून काठी जाते आणि भोवती तीन फास मिळतात, त्यात दोर अडकवायचे. लाकडावर ती छान बसते. गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमवर सरकते, म्हणून खाली आधाराला दोरीचे घट्ट वेढे किंवा ठोकळा लागतो. पाया जुन्या बुंध्याला आवळायचा, नाहीतर पाय पुढे निसटतो आणि काठी डोक्यावर येते. मग दोन काठ्यांची तिकटी करून तिच्यावरून दोर ओढत ती उभी करायची. शीड छोटं, वादळी शीड असेल तर उत्तम. मोठं शीड आडवं फिरवून, उंचीची बाजू तळाला घेऊनही लावतात.

अशी नौका वाऱ्याच्या तोंडावर जात नाही. वारा पाठीमागून किंवा बाजूनं घ्यायचा आणि त्या दिशेला जे बंदर असेल ते आपलं. आणि रेडिओची अँटेना बहुधा डोलकाठीच्या टोकावर असते, तीही गेलेली असते, म्हणून जादा अँटेना बरोबर लागते.

आपल्याकडचा धागा हवा असेल तर २०१८ ची गोल्डन ग्लोब शर्यत, शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायची. भारताच्या अभिलाष टॉमी यांची नौका 'थुरिया' गोव्यात बांधलेली. दक्षिण हिंदी महासागरात वादळात तिची डोलकाठी गेली आणि टॉमी पाठीला जबर दुखापत होऊन पडून राहिले. त्याच वादळात आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिन यांच्याही डोलकाठ्या गेल्या होत्या. त्यांनी ज्युरी-रिग उभं केलं आणि टॉमींच्या दिशेनं निघाले. त्याला चिकटपट्टी म्हणायचं असेल तर म्हणा.

रानवारा
शब्द मागे घेतो. चिकटपट्टीसकट.

टवाळ
ज्युरी म्हणजे पंच. पंचांनी उभी केलेली डोलकाठी असती तर ती अजून मंजुरीच्या टेबलावर असती.

सोनचाफा
तांडेल, जबरदस्त. मग 'जेरी-बिल्ट' काय असतं? मी दोन्ही एकच समजत होते.

तांडेल
बरेच इंग्रजही एकच समजतात, त्यातून 'जेरी-रिग' असा जोडकलम शब्द तयार झाला. फरक हेतूचा आहे. ज्युरी-रिग: काम तात्पुरतं, पण आहे त्या सामानात होईल तितकं चांगलं. जेरी-बिल्ट: काम कायमचं म्हणून विकलेलं, पण मुद्दाम निकृष्ट. पहिलं वादळातलं, दुसरं बिल्डरचं.

खडूस_आजोबा
दुसऱ्याला मराठीत 'ठेकेदारी काम' म्हणतात. कोश काढायची गरज नाही.

यवनिका
तांडेलांनी समुद्र काढलाच आहे तर मूळ शब्दाचा एक नातेवाईक दाखवते. ग्रीकमध्ये 'स्खेडिआ' म्हणजे तराफा, जुळवाजुळव करून केलेलं तारू. 'स्खेडिओस'च्याच घराण्यातलं. 'ओडिसी'च्या पाचव्या सर्गात ओडिसियस जे बांधतो ते स्खेडिआ. आणखी एक चुलत भाऊ तुमच्या रोजच्या वापरात आहे: 'स्केच'. ग्रीक, मग लॅटिन, मग इटालियन 'स्कित्सो', तिथून डच आणि मग इंग्रजी. झटपट हातासरशी काढलेलं, एवढाच अर्थ पार इथपर्यंत टिकला.

खडूस_आजोबा
ओडिसियसचा तराफा जुळवाजुळव? त्याला कॅलिप्सो या अप्सरेनं काशाची दुधारी कुऱ्हाड दिली, तासणी दिली, गिरमिटं आणून दिली. वीस झाडं पाडली, तासली, भोकं पाडून खुंट्यांनी सांधली, डोलकाठी आणि सुकाणू बसवलं. चार दिवस लागले, पाचव्या दिवशी निघाला. हे रीतसर सुतारकाम आहे. याला ऐनवेळचं म्हणाल तर आमच्या गावचा सुतार एका पाटासाठी महिना घेतो त्याला काय म्हणायचं?

यवनिका
आजोबा, गिरमिटापर्यंत आठवतंय तुम्हाला! आक्षेप बरोबर आहे, आणि माझ्या मते तो या शब्दाच्या गाभ्याशी जातो. 'ऐनवेळी' याचा अर्थ 'रिकाम्या हातानं' असा कधीच नसतो. अवजारं आणि कसब आधीचं असतं, फक्त वस्तूचा आराखडा आधी नसतो. टीकाकाराच्या बाबतीत दोष हाच की त्याच्याकडे अवजारंही नव्हती. असण्याचा आव होता.

रानवारा
मग अपोलो १३? तिथे तर...

टवाळ
आली! ही गोष्ट न येता हा विषय संपणार नाही यावर मी मनातल्या मनात पैज लावली होती.

तांडेल
आलीच आहे तर नीट येऊ द्या. एप्रिल १९७०. चंद्राकडे जाताना मुख्य यान निकामी झालं. त्यातले कार्बन डायऑक्साइड शोषणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे चौकोनी, आणि ज्या चांद्रयानात तिघे आसऱ्याला गेले होते तिथली बसण्याची जागा गोल डब्यांची. प्लास्टिकच्या पिशव्या, पुस्तिकांचे पुठ्ठे, पोशाखाच्या नळ्या आणि चिकटपट्टी वापरून जोड तयार केला. पण तो अंतराळवीरांना तिथल्या तिथे सुचला नव्हता. जमिनीवरच्या चमूनं तेच सामान घेऊन तो आधी बनवून पाहिला आणि मग पायऱ्या रेडिओवरून वाचून दाखवल्या. यवनिका म्हणतात तसंच: कसब एकीकडे, हात दुसरीकडे. आणि हो रानवारा, इथे चिकटपट्टी खरोखर होती.

आडपडदा
दशावताराचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहितो. सिंधुदुर्गात आणि गोव्यात जो दशावतार होतो त्यात संवाद लिहिलेले नसतात. आधी आडदशावतार, त्यात गणपती आणि संकासुर वगैरे, आणि मग मुख्य आख्यान. रंगपटात प्रत्येक जण आपापलं तोंड रंगवत असतो आणि जाणता नट आख्यान सांगत जातो: कोण आधी येणार, कुणाचं कुणाशी वैर, युद्ध कुठे, शेवट कसा. रंग चढेपर्यंत नाटक ठरलेलं असतं, शब्द मात्र एकही नाही.

मग पाठांतर नसताना चालतं कसं? पुराणकथा तोंडपाठ असतात, ओव्या, अभंग, श्लोक हाताशी असतात. राजा कसा बोलतो, राक्षस कसा, नारद कसा, स्त्रीपार्टी कशी, याचे साचे पक्के असतात. त्या साच्यात आजचं वाक्य ओतायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे समोरच्याला टोक देणं. आपलं बोलणं अशा ठिकाणी सोडायचं की त्याला तिथून उचलता येईल. नवा नट इथे फसतो. तो स्वतः सुंदर बोलतो, टाळ्या घेतो, आणि वाक्य असं बंद करतो की समोरच्याला धरायला काही उरत नाही. मग पेटीवाला आणि पखवाजवाला सावरतात.

इटलीतल्या कोमेदिया देल्लार्ते या जुन्या नाट्यप्रकाराचीही हीच तऱ्हा होती. रंगमंचामागे घटनाक्रमाचा कागद, संवाद नटाचे. फ्लामिनिओ स्काला यानं १६११ मध्ये असे पन्नास घटनाक्रम छापले. इंग्रजीतलं 'इम्प्रोव्हाइज'ही इटालियनवरूनच आलं, मुळात लॅटिन: 'आधी न पाहिलेलं'.

धिरधिर
आडपडदा +१. साच्याचा मुद्दा तबल्यात तर गणितानं दाखवता येतो. कायदा म्हणजे ठरावीक बोलांची मूळ रचना. तिचे पलटे, म्हणजे फेरफार, करताना नियम असा की कायद्यात जे बोल आहेत तेच वापरायचे, बाहेरचा बोल आणायचा नाही, आणि भरी-खालीचा हिशेब मोडायचा नाही. या चौकटीत वाटेल तेवढं फिरा.

आणि तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. ऐकणाऱ्याला वाटतं आत्ता सुचली. सुचली असेलही, पण बेरीज आधी झालेली असते. त्रितालात समेपासून समेपर्यंत तिहाई घ्यायची तर एकूण १६ नाही, १७ मात्रा लागतात, कारण शेवटचा 'धा' पुढच्या समेवर पडायचा असतो. 'तिट कत गदि गन धा' ५ मात्रांत बसवा, मध्ये १ मात्रेचा दम, म्हणजे विराम: ५+१+५+१+५ = १७. धा पडतात ५ वर, ११ वर आणि समेवर. झपतालात ११ हव्यात: ३+१+३+१+३. एकतालात १३: ३+२+३+२+३. बेदम घ्यायची, तर ३ मात्रांचा तुकडा त्रितालात नवव्या मात्रेपासून उचला, नऊ मात्रा होतात आणि बरोबर समेवर येता.

हमखास चूक म्हणजे १६ चा हिशेब करणं. तिहाई एक मात्रा आधी येऊन पडते, आणि वादक मग शेवटचा धा लांबवून हसतमुखानं समेकडे पाहतो. त्या हास्याला ऑटोस्केडिअ‍ॅझम म्हणायला हरकत नाही.

सोनचाफा
हसून हसून पुरेवाट!

उपजाती
काव्यातही तसंच. समस्यापूर्तीत शेवटचा चरण देतात आणि बाकीचे तीन तिथल्या तिथे करायचे. प्रसिद्ध समस्या घ्या: 'ठठं ठठं ठं ठठठं ठठं ठः'. वरवर निव्वळ आवाज. पण मोजा: लघु-गुरु-लघु, गुरु-गुरु-लघु, लघु-गुरु-लघु, गुरु-गुरु. अकरा अक्षरं, ज-त-ज-ग-ग. हे उपेंद्रवज्रा वृत्त आहे! म्हणजे देणाऱ्यानं अर्थ दिला नसला तरी वृत्त देऊन ठेवलं आहे. आता दोनच कामं उरतात. असा आवाज कुठे स्वाभाविकपणे येईल ते शोधायचं, आणि तिसरा चरण 'शब्द करतो' अशा क्रियापदापाशी आणून सोडायचा, म्हणजे चौथा चरण त्याचं कर्म होतो. परंपरेतली पूर्ती तेच करते: तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटतो आणि पायऱ्यांवरून ठणठणत खाली जातो.

तेलुगू आणि कन्नड मुलखात अवधान चालतं, ते याहून कठीण. अष्टावधानात एका कवीपुढे आठ पृच्छक, म्हणजे प्रश्न विचारणारे. एक समस्या देतो. एक चार शब्द देऊन ते चार चरणांत आणायला सांगतो, ती दत्तपदी. निषिद्धाक्षरीत कवी एकेक अक्षर सांगतो आणि पृच्छक पुढचं अक्षर ओळखून त्यावर बंदी घालतो. मध्येच एक जण घंटा वाजवतो, ठोके मोजून ठेवायचे, आणि अप्रस्तुतप्रसंगी नावाचा एक जण भलतेसलते प्रश्न विचारून लक्ष उडवतो. शेवटी धारणा, म्हणजे सगळे श्लोक पुन्हा सलग म्हणून दाखवायचे.

तेव्हा स्तुतीच्या अर्थासाठी संस्कृत उपसर्ग तयार आहे: आशु. आशुकवी, आशुकविता, तसं 'आशुरचना'.

रानवारा
आणि कॉलेजातलं 'एक्स्टेंपोर'?

यवनिका
ते लॅटिन आहे, 'एक्स तेंपोरे', 'त्या वेळेतून'. इंग्रजी उच्चार चार अक्षरी, 'एक्स्टेंपरी'. आपल्याकडे शेवटचं अक्षर गिळून 'पोर' झालं, आता ते पोर आपलंच. 'इम्प्रॉम्प्टू'चा मूळ लॅटिन अर्थ मात्र 'हाताशी तयार' असा आहे, तो आडपडदा आणि धिरधिर यांच्या बाजूनं साक्ष देतो. अल्किदामास नावाचा एक ग्रीक वक्ता लिहून आणलेल्या भाषणांवर तुटून पडला होता. त्याचा युक्तिवाद: ज्याला तिथल्या तिथे बोलता येतं त्याला लिहिताही येतं, उलटं मात्र होत नाही. हा युक्तिवाद त्याला लिहूनच मांडावा लागला.

टवाळ
थोडक्यात, तो पहिला आंतरजालीय सदस्य.

अनुस्वार
उशिरा आलो, पण एक गोष्ट कुणी म्हटली नाही याचं नवल वाटतं. यवनिकाताईंनी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं की मूळ शब्द अंगाला अंग भिडवून केलेल्या लढाईचा. मराठीत त्या लढाईला काय म्हणतात? हातघाई. आणि 'हातघाईवर येणं' आपण लढाईबाहेरही वापरतो. दोन्ही भाषांनी शब्द रणांगणातून उचलला.

यवनिका
अनुस्वार, हे मला सुचायला हवं होतं. फक्त एक सावधगिरी: यातली 'घाई' म्हणजे गडबड असं गृहीत धरू नका. ती 'घाय', 'घाव' यांच्या जवळची असू शकते. 'हात आणि घाई म्हणून ऐनवेळचं' असं स्पष्टीकरण दिलंत तर तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत ऑटोस्केडिअ‍ॅझम कराल.

अनुस्वार
:) सापडलो. तेच लिहिणार होतो.

सोनचाफा
पण 'टीकाकाराची हातघाई' वाचून लोकांना वाटेल त्यानं कुणाला तरी मारलं.

शब्दवेडा
सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. सध्या असं ठरवलंय: स्तुतीच्या जागी 'आशुरचना', निंदेच्या जागी आजोबांचं 'पदरचं'. माझं वाक्य: 'या ओळीवरची प्राचीन टीप म्हणजे टीकाकाराची पदरची भर आहे. ओळीतूनच काढलेली असल्यामुळे ती ओळीचा पुरावा होऊ शकत नाही.' पहिल्या उल्लेखाच्या वेळी तळटीपेत मूळ शब्द आणि 'स्के'चा उच्चार देईन.

खडूस_आजोबा
दुसऱ्या प्रहराला मी जे सांगितलं ते रात्री पटलं. चालायचंच.

उपजाती
'भर' शब्द चांगला. पण मुळात काही असतं तेव्हा भर पडते. टीकाकाराकडे काहीच नव्हतं ना?

शब्दवेडा
ओळ होती ना. भर ओळीत पडली.

रानवारा
एक शंका राहिलीच. कालिदासाच्या त्या गोष्टीत ऋतुसंहार का नाही?

यवनिका
कारण ते 'प्रचण्डसूर्यः'नं सुरू होतं. बायकोच्या प्रश्नात तो शब्द बसवता आला नसता. गोष्ट काव्यांवरून बेतली आहे याची आणखी एक खूण हीच: जे सोयीचं तेवढंच तिच्यात आलं.

टवाळ
पण प्रश्नात 'विशेषः' उरतो. त्यानं सुरू होणारं काव्य कुठंय?

यवनिका
थांबा, कुणीतरी ते हरवलं म्हणून सांगेलच.